गाडीचा रिमोट चालेना? नवी चावी करायच्या आधी एवढं तपासा

गाडीचा रिमोट बंद पडला की बहुतेक लोक पहिल्यांदा विचारतात, "नवी चावी केवढ्याला पडेल?" मी सांगलीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो आणि माझं सांगणं एवढंच असतं की किंमत नंतर बघू, आधी नेमकं काय गेलंय ते ठरवू. पन्नास-शंभर रुपयांच्या सेलनं भागलं असतं अशा कामाला हजारो रुपये घालवलेली माणसं मी बघितली आहेत. काहींचे तर पैसे जाऊनही बिघाड तसाच राहिला, कारण तो चावीत नव्हताच, गाडीत होता.

चावी एक दिसते, पण तिच्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली म्हणजे धातूचं पातं, ज्यानं दाराचं कुलूप फिरतं. दुसरी म्हणजे रिमोटचा बोर्ड. तो सेलवर चालतो आणि बटण दाबलं की रेडिओ संदेश सोडतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा संदेश ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो. तिसरी वस्तू इमोबिलायझरची चिप. ही दिसत नाही, हिला बटण नाही आणि सेलही लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती किंवा स्टार्ट बटणाच्या मागं तारेची कॉइल असते, तिच्यातूनच चिपला क्षणभर वीज मिळते आणि चिप आपला नंबर सांगते. नंबर जुळला तरच इंजिन सुरू होतं.

एवढं डोक्यात ठेवलंत तर निम्मं निदान घरबसल्या होतं. दार रिमोटनं उघडत नाही, पण गाडी सुरू होते, म्हणजे चिप शाबूत आहे. सेल, बटण, बोर्ड नाहीतर गाडीचा रिसीव्हर यांच्यात शोधा. दारं रिमोटनं उघडतात, लागतात, पण गाडी सुरू होत नाही, तर रिमोटला हात लावू नका, चिपकडं किंवा गाडीच्या बॅटरीकडं बघा. हे दोन बिघाड लोक एकत्र करतात आणि तिथंच खर्च वाढतो.

गाडीपाशी अडकला असाल तर

पात्याची चावी असेल तर सोपं आहे: पातं दारात घाला, उघडा, गाडी सुरू करा. एक गोष्ट मात्र आधी माहीत असू द्या. रिमोटनं लॉक केलेली गाडी पात्यानं उघडली की काही गाड्यांचा भोंगा वाजायला लागतो. घाबरून दार परत लावू नका. आत बसा, चावी इग्निशनला लावून ऑन करा. चिप ओळखली गेली की भोंगा थांबतो.

स्टार्ट बटणाच्या गाडीत लोक जास्त गडबडतात, कारण त्यांच्या हातात पातंच दिसत नाही. दंडोबाच्या डोंगरावरून एका ताईंचा फोन आला होता. घरची सगळी मंडळी बरोबर, ऊन चढलेलं.

"दादा, गाडी उघडंना. आणि ह्या चावीला तर भोकात घालायला काहीच न्हाई."

"ताई, चावीच्या कडेला किंवा पाठीमागं एक बारकी खटकी असंल बघा. ती सरकवून धरा आणि वरची कडी ओढा."

"निघाली! लोखंडी पट्टी निघाली. पण दाराला भोकच न्हाई की."

ते भोक ड्रायव्हरच्या बाजूच्या हँडलमागच्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली असतं. काही गाड्यांत हँडल ओढून धरलं की टोपणाच्या खालच्या अंगाला एक फट दिसते. तिच्यात पट्टीचं टोक घालून हळूच वर उचललं की टोपण सुटतं. त्यांनी तसं केलं आणि दार उघडलं. मग दुसरा प्रश्न आला, "चावी सापडत नाही म्हणून लिहून येतंय, सुरू कशी करू?" सेल मेलेला असला तरी आतली चिप जिवंत असते. ब्रेक दाबून चावीच स्टार्ट बटणाला टेकवायची आणि बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत हे चालतं. काहींत मात्र चावी ठेवायची जागा कपहोल्डरमध्ये किंवा गिअरजवळच्या खाचेत दिलेली असते. तुमच्या गाडीची जागा कुठली ते मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा आणि त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये घ्या. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये असतं आणि ग्लव्ह बॉक्स बंद गाडीत.

गाडीत लहान मूल किंवा वयस्कर माणूस अडकलं असेल तर यातलं काहीही करत बसू नका. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. ज्या बाजूला मूल नाही तिकडची मागची काच फोडा, ११२ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा. काचेचा खर्च नंतर बघता येतो.

दुसरी चावी आणा

घरी पोचलात की पहिलं काम स्क्रू ड्रायव्हर शोधायचं नाही, कपाटातली दुसरी चावी शोधायचं. दुसऱ्या चावीनं गाडी व्यवस्थित उघडली आणि लागली, तर दोष पहिल्या चावीत. दोन्ही चालत नसतील तर दोष बहुतेक गाडीत. आता "बहुतेक" का म्हणालो, तर कपाटातल्या चावीचा सेलही वर्षानुवर्षं बदललेला नसतो आणि तीही मेलेली निघते. तिचं पातं वापरून गाडी सुरू होते का हेही लगे हात बघून घ्या.

गाडीकडचे काही साधे प्रकार इथंच निकालात काढा. चावी इग्निशनमध्ये असताना किंवा इग्निशन ऑन असताना बऱ्याच गाड्या रिमोट ऐकतच नाहीत. एखादं दार किंवा डिकी नीट लागलेली नसेल तर गाडी लॉक होत नाही, झाली तरी लगेच उघडते. स्टार्ट बटणाच्या गाडीत दुसरी चावी बायकोच्या पर्समध्ये आत राहिली असेल तर बाहेरून हँडलचं बटण दाबल्यावर गाडी नुसती पीप-पीप करते. आणि रिमोटनं उघडून दार उघडलंच नाही, तर साधारण तीस सेकंदांत गाडी स्वतःहून परत लॉक होते. हा बिघाड नाही, सोय आहे. पण "रिमोट उघडतोय आणि आपोआप लागतोय" अशी तक्रार घेऊन लोक येतात.

इंडिकेटरकडं नीट लक्ष द्या. बटण दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात पण दारं लागत नाहीत, तर संदेश गाडीला पोचलाय. रिमोट बरोबर आहे. सेंट्रल लॉकचा फ्यूज, वायरिंग किंवा मोटर तपासायची. एकच दार लागत नसेल तर त्या दारातली लॉकची मोटर गेली आहे, नाहीतर दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटली आहे. ड्रायव्हरचं दार दिवसातून कितीदा उघडतं, त्यामुळं वायर तिथंच आधी तुटते. यासाठी नवी चावी कुणी सुचवली तर सरळ दुकान बदला.

गाडीची मोठी बॅटरीही बघा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२ च्या खाली असेल तर सेंट्रल लॉक सुस्त चालणं, रिमोटला दाद न देणं, स्टार्ट बटण नुसतं टिकटिकणं हे सगळं त्यातूनच येतं.

सेल: सगळ्यात जास्त वेळा हाच असतो

सेल एकदम मरत नाही, आधी इशारे देतो. पूर्वी गल्लीच्या तोंडापासून उघडणारी गाडी आता दाराजवळ गेल्यावर उघडते. बटण दोनदा, तीनदा दाबावं लागतं. रिमोटवरचा बारका लाल दिवा मंद होतो. नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरही सूचना येते. थंडीच्या पहाटे चालत नाही आणि दुपारी चालतो, असंही होतं, कारण गारठ्यात अशक्त सेल आणखी बसतो.

रिमोट उघडायच्या आधी टेबलावर पांढरा कपडा अंथरा. आतला बारका स्क्रू किंवा स्प्रिंग उडाली तर काळ्या फरशीवर सापडत नाही. बहुतेक चाव्यांच्या जोडावर एक खाच असते. तिच्यात जुनं एटीएम कार्ड किंवा टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेला चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच पिळा. जोर लावायचा नाही, आवाज येईपर्यंत थांबायचं. काही जुन्या चाव्यांना मधे बारका चौफुलीचा स्क्रू असतो, तो आधी काढा. दोन भाग झाले की लगेच मोबाईलवर फोटो काढा. परत बसवताना सेलची कुठली बाजू वर होती यावर घरात वाद होत नाही.

आणि आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. बऱ्याच चाव्यांत, विशेषतः जुन्या, इमोबिलायझरची चिप बोर्डावर नसते, प्लॅस्टिकच्या खाचेत सुटी ठेवलेली असते. कधी काळा चौकोनी तुकडा, कधी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी. उघडताना ती खाली पडली आणि केरात गेली, तर दारं रिमोटनं उघडतील, पण गाडी सुरू होणार नाही. चावी उघडा ती टेबलावरच, गाडीत बसून किंवा रस्त्यावर नको.

सेलवरचा नंबर वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण २.५ मिलिमीटर जाड. सीआर २०१६ तर १.६ चाच. तिन्ही तीन व्होल्टचे, म्हणून दुकानदार "हा बी चालतोय की" म्हणून एकाच्या जागी दुसरा देतो. चालत नाही. पातळ सेल त्याला धरणाऱ्या आतल्या पत्र्याला नीट टेकत नाही, त्यामुळं चावी हातात उलटी केली की चालते आणि सुलटी केली की बंद. जाड सेल दाबून बसवला तर पत्रा कायमचा वाकतो आणि पुढचा योग्य सेलही सैल बसतो. जाडी जास्त म्हणून २०३२ पुरतोही जास्त. त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास, तर २०२५ ची १६० च्या घरात. काही बारक्या चाव्यांना सीआर १६२० लागतो. बाहेरून बसवलेल्या जुन्या सेंट्रल लॉकच्या रिमोटमध्ये तर लिपस्टिकच्या आकाराचा बारका बारा व्होल्टचा २३ए किंवा २७ए सेल असतो, त्याची गोष्टच वेगळी.

चार्ज होणारे एलआयआर २०३२ नावाचे सेलही बाजारात मिळतात. दिसायला तसेच, पण पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्टपर्यंत जातात. ते रिमोटमध्ये घालू नका, बोर्ड जाऊ शकतो.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा. नवा सेल ३ ते ३.३ दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला बदला. पण फक्त मोकळ्या सेलचा आकडा बघून "तीन आहे, सेल चांगला" म्हणू नका. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून मोकळा असताना तीन दाखवणारा सेल भार पडला की कोसळतो. सेल बोर्डात बसवून, मीटरच्या टोच्या त्याच्या दोन्ही बाजूंना लावून बटण दाबा. त्या क्षणी आकडा अडीचच्याही खाली घसरला तर तो सेल संपलाय. मीटर नसेल तर चांगल्या कंपनीचा, स्वतंत्र पाकिटातला नवा सेल आणून थेट बदला. पट्टीवरचे सुटे, धूळ खात पडलेले स्वस्त सेल घेऊ नका. वाचलेले वीस-तीस रुपये परत दुकानात चक्कर मारण्यात जातात.

नवा सेल बसवताना कपड्यानं कडेला धरा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी लोखंडी चिमटा लागला तर तो शॉर्ट होतो. बोटाचं तेल लागलं असेल तर कोरड्या सुती कपड्यानं पुसा. अधिकचं चिन्ह फोटोशी जुळवून बसवा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, पोरांच्या हाताला लागणार नाही असा बाजूला ठेवा. हे मी जोर देऊन सांगतो. लहान मुलानं बटण सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून भाजू शकतो. मूल बरं दिसतंय म्हणून वाट बघू नका, उलटी करवू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या आणि सेल गिळल्याचं स्पष्ट सांगा.

सेल बदलल्यावर चावी चालली तर तिथंच थांबा, पुढचं करायची गरज नाही. फक्त कपाटातल्या चावीचा सेलही त्याच दिवशी बदलून टाका.

सेल नवा, तरी चालेना: बटणं आणि पत्रे

गेल्या हंगामात मार्केट यार्डातले एक हळदीचे शेठ आले. रिमोटचं उघडायचं बटण चालायचं, लॉकचं चालायचं नाही. सेल दोनदा बदलून झाला होता आणि एका ठिकाणी नवी चावीच करा म्हणून सांगितलं होतं. मी चावी उघडली. रबराच्या बटणाखाली, लॉकच्या स्विचभोवती पिवळी माखण. हळद पॉलिश होते तिथली बारीक पूड दिवसभर खिशात जाते, घामाशी मिसळते आणि बटणाच्या कडेनं आत शिरते. लॉकचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं, म्हणून तिथं जास्त. शेठ टेबलावर वाकून बघत म्हणाले, "आयला, हळदीनं चावीबी रंगवली." रबर काढून धुतलं, बोर्ड साफ केला, चावी चालायला लागली.

असं साफ करायला औषध दुकानात किंवा मोबाईल दुरुस्तीच्या सामानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. सेल काढा, जुन्या मऊ टूथब्रशवर थोडं घ्या आणि स्विच व पत्रे हलक्या हातानं घासा. हिरवट किंवा पांढरट थर असेल तर परत परत घासा. पेट्रोल, थिनर, सेंट यातलं काहीही नको. प्लॅस्टिक आणि रबर विरघळतं. गंज सोडवायचा तेलाचा स्प्रेही बोर्डावर मारू नका, चिकट थर राहतो आणि धूळ आणखी धरतो. रबराचा तुकडा मात्र बाहेर काढून साध्या साबणाच्या पाण्यात धुतला तरी चालतो, पूर्ण वाळवून परत बसवा.

मग बटण तपासा. झाकण न लावता, सेल जागेवर धरून, बोर्डावरचा बारका स्विच नखानं किंवा लाकडी काडीनं थेट दाबा, गाडी समोर ठेवून. थेट दाबल्यावर गाडीनं दाद दिली तर बोर्ड ठणठणीत आहे, दोष रबरात किंवा कव्हरमध्ये: बटण झिजलंय, फाटलंय, नाहीतर कव्हर फुगल्यामुळं स्विचपर्यंत पोचत नाही. नवं कव्हर घ्या आणि आतला माल जुनाच ठेवा. थेट दाबूनही काही होत नसेल तर मीटर कंटिन्युइटीवर ठेवून स्विच दाबा, बीप यायला हवा. बीप नाही म्हणजे स्विच गेला. चांगला मोबाईल दुरुस्त करणारा हा स्विच झटक्यात बदलतो, कारण त्याच्याकडं बारीक डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, साधन असतं. घरच्या जाड सोल्डरिंग आयर्ननं प्रयत्न करू नका, बोर्डावरचा तांब्याचा माग उखडतो.

सेलचा पत्राही विसरू नका. चावी पुन्हा पुन्हा पडली की पत्र्याचा ताण जातो किंवा त्याचा डाग तडकतो. चावी झटकली की चालते, दाबून धरली की चालते, ही त्याचीच खूण. पत्रा अगदी केसभर वर उचला. डाग तडकलेला दिसला तर परत डाग लावून घ्या.

भिजलेली चावी

पँटीच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेलेली, पावसात भिजलेली, नदीत पडलेली, सगळ्यांना एकच पहिला नियम: बटण दाबून बघू नका. सेल आधी काढा. ओल्या बोर्डातून वीज वाहत राहिली की तांबं खात जातं.

सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ च्या महापुराबद्दल मी वेगळं सांगायला नको. त्या पाण्यात राहिलेल्या चाव्यांत नुसतं पाणी नव्हतं, कृष्णेचा गाळ होता, आणि गाळ वाळला की स्विचमध्ये दगडासारखा बसतो. अशी चावी तशीच वाळवू नका. उघडा, सेल काढा, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरनं धुवा. बॅटरीच्या दुकानात हे पाणी मिळतं. गाळ गेला की अल्कोहोलनं धुवा, म्हणजे उरलेलं पाणी निघतं. मग सावलीत, पंख्याखाली एक-दोन दिवस उघडा ठेवा. तांदळाच्या डब्यात घालून काही साधत नाही, उलट पीठ आत जातं. केस वाळवायच्या मशीनची गरम हवाही नको. पूर्ण वाळल्यावर नवा सेल घाला, भिजलेला परत नाही.

गाडीच पाण्यात गेली असेल तर रिमोट चालतो का याची तपासणी सोडा. इग्निशन ऑन करू नका, बॅटरीचा ऋण बाजूचा टर्मिनल सोडवा आणि गाडी टोइंग करून न्या. रिमोट ऐकणारा कंट्रोल बोर्ड बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली असतो आणि तो भिजला असेल तर चावी कितीही चांगली असून उपयोग नाही.

सगळं ठीक दिसतंय, दिवाही लागतोय

रिमोटचा दिवा लागला म्हणजे संदेश गेला असं नाही. दिवा फक्त स्विच आणि सेल चालू असल्याचं सांगतो. चावी फरशीवर जोरात आपटली तर लहरींची नेमकी संख्या ठरवणारा बारका घटक तडकतो. मग दिवा लागतो आणि गाडीला काही ऐकू येत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून रिमोट तपासायची युक्ती टीव्हीच्या रिमोटला चालते, कारण तो अदृश्य प्रकाश सोडतो. गाडीचा रिमोट रेडिओ लहरी सोडतो, त्या कॅमेऱ्यात कधीच दिसणार नाहीत. डुप्लिकेट चाव्या करणाऱ्यांकडं फ्रिक्वेन्सी बघायचं हातात मावणारं यंत्र असतं. त्याच्यासमोर बटण दाबलं की ४३३.९२ च्या जवळचा आकडा यायला हवा. आकडा आलाच नाही किंवा भलताच आला तर बोर्ड बदलावा लागेल.

आकडा बरोबर आला, तरी गाडी ऐकत नाही? तर चावी आणि गाडीचा ताळमेळ सुटला असेल. दर वेळी बटण दाबलं की चावी नवा कोड पाठवते आणि गाडी पुढच्या काही कोडांचीच वाट बघत असते. चोरानं तुमचा संदेश पकडून परत वाजवला तर उपयोग होऊ नये म्हणून ही सोय. पोराच्या हातात चावी दिली, त्यानं गाडीपासून लांब बसून तासभर बटणं दाबली, की चावी फार पुढं जाते. काही गाड्यांत गाडीजवळ उभं राहून लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं. काहींत पात्यानं दार उघडून, इग्निशन ऑन करून बटण दाबावं लागतं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, ती मॅन्युअलमध्ये बघा. व्हिडिओत बघून इग्निशन चालू-बंद करायचे भलतेच क्रम मारत बसू नका. अनेक गाड्यांत शिकवायची अवस्था सुरू झाली की जुन्या सगळ्या रिमोटची नोंद पुसली जाते आणि चालणारी दुसरी चावीही बंद पडते.

एकाच जागी चालत नाही आणि बाकी सगळीकडं चालतो, तर दोष जागेचा. गेट आणि शटरचे रिमोटही बऱ्याचदा त्याच लहरींवर असतात. एखाद्याचं बटण अडकलं असेल तर त्या परिसरात चावीचा संदेश दबतो. पन्नास-शंभर फूट गाडी पुढं नेऊन बघा. आणि गर्दीच्या ठिकाणी गाडी लावल्यावर नुसतं बटण दाबून निघू नका, हँडल ओढून खात्री करा. चोर मुद्दाम लहरी दाबून धरणारं यंत्र वापरतात, आपल्याला वाटतं लॉक झाली आणि गाडी उघडी राहते.

स्टार्ट बटणाची चावी मोबाईलला चिकटून खिशात किंवा वायरलेस चार्जरवर ठेवली तरी "चावी सापडत नाही" असं येतं. दोन्ही वेगळ्या खिशांत ठेवा. घरात तिचा खिळा गाडीला लागून असलेल्या भिंतीवर नको. चावी टप्प्यात राहिली तर रात्रभर गाडीशी बोलत राहते आणि सेल लवकर संपतो.

दारं उघडतात, इंजिन मात्र सुरू होत नाही

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र भराभर लुकलुकतंय का ते बघा. स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून दोन सेकंदांत बंद पडतं, आणि हा दिवा लुकलुकतोय, तर गाडीला चिप ओळखता येत नाही. कडीतून दुसऱ्या गाडीची किंवा चिपवाल्या बाईकची चावी काढून परत बघा, शेजारची चिप आड येते. नुकतंच कव्हर बदललं असेल तर जुनं कव्हर फेकलं का ते विचारा. आतली चिप बऱ्याचदा त्यातच राहिलेली असते. कव्हर बदलून देणाऱ्यानं आतला सगळा माल तुमच्यासमोर हलवावा, आणि जुनं कव्हर मागून घ्या. दुसऱ्या चावीनंही सुरू होत नसेल तर कॉइल किंवा इमोबिलायझरची वायरिंग, ते काम स्कॅनर असणाऱ्याचं.

खरंच नवी चावी लागली तर

रिमोट शिकवणं आणि चिप शिकवणं ही दोन कामं आहेत, भाव विचारताना दोन्हीचा वेगवेगळा विचारा. चिपसाठी गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटला, स्कॅनर जोडावा लागतो, काही गाड्यांना पिन कोडही लागतो. शोरूममध्ये जाताना आरसी, ओळखपत्र आणि घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. गाडी नवी घेताना चाव्यांबरोबर नंबर कोरलेली बारकी पट्टी मिळालेली असते, ती शोधा. पातं त्या नंबरावरून कापता येतं. बाहेर करून घेणार असाल तर माहितीतला, दुकान असलेला माणूस बघा. तुमच्या गाडीची चावी बनवू शकणाऱ्याला तुमचा पत्ताही माहीत असतो, हे लक्षात असू द्या.

चावी बिघडलेली नसून हरवली असेल तर पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला कळवा आणि हरवलेल्या चावीची गाडीतली नोंद पुसून घ्या. उद्या दुर्दैवानं गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हा ही नोंदच कामाला येते. पॉलिसीत चावी बदलून मिळण्याचं जादा संरक्षण घेतलंय का तेही बघा. घेतलेलं असतं आणि आठवत नसतं.

नवी चावी हातात आली की पैसे द्यायच्या आधी दुकानासमोरच दोन्ही चाव्या वापरून बघा. दोन्हींनी चारही दारं आणि डिकी उघडा-लावा, दोन्हींचं पातं दारात फिरवा, दोन्हींनी इंजिन सुरू करून मिनिटभर चालू ठेवा. मग नव्या चावीतला सेल काढून, चिपवर गाडी सुरू होते का तेही एकदा बघा.